पावडर एक, लेप अनेक: धातुलेपांची गुणवत्ता कुठे ठरते?

हिमाचल प्रदेशातील नाथपा-झाकरी हा १,५०० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प सतलज नदीवर उभा आहे. पावसाळ्यात ही नदी हिमालयातून क्वार्ट्झची बारीक वाळू वाहून आणते. प्रकल्पाच्या भूमिगत टाक्यांत ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण खाली बसतात, पण त्याहून बारीक कण पाण्याबरोबर टर्बाइनपर्यंत पोहोचतातच. टर्बाइनची चाके १३ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असलेल्या स्टेनलेस पोलादाची असतात. या पोलादाचे काठिण्य व्हिकर्स मापावर ३०० च्या आसपास भरते, तर क्वार्ट्झचे हजाराच्या वर. अशी वाळू वेगाने आदळत राहिली की पोलाद खरवडले जाते, पात्यांच्या कडा झिजून पातळ होतात आणि संच दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागतो.

यावर उपाय म्हणून पाण्यात राहणाऱ्या भागांवर टंगस्टन कार्बाइडचा लेप दिला जातो. ८६ टक्के टंगस्टन कार्बाइड, १० टक्के कोबाल्ट आणि ४ टक्के क्रोमियम अशी पावडर ज्वालेतून वेगाने फवारून साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचा थर बसवतात. थर चांगला बसला तर त्याचे काठिण्य १,००० ते १,२०० व्हिकर्सपर्यंत जाते. हीच पावडर दुसऱ्या गनमधून, दुसऱ्या ज्वालेतून, थोड्या वेगळ्या अंतरावरून फवारली तर तयार होणारा थर ठिसूळ, सच्छिद्र आणि सहज सुटणारा असू शकतो. पिशवीवरचे नाव दोन्ही वेळा एकच असते.

या लेखात त्याच फरकाचा आढावा घ्यायचा आहे. मिश्रधातूच्या पावडरीपासून बनणाऱ्या लेपाचे गुण पावडरीत किती असतात आणि प्रक्रियेत किती घडतात? गेल्या शतकभराच्या कामातून निघणारे उत्तर असे, की पावडर म्हणजे शक्यता. लेप घडतो तो गन आणि जॉब (ज्यावर लेप द्यायचा तो भाग) यांच्यामधल्या काही मिलिसेकंदांत.

उष्णतेकडून वेगाकडे

धातू फवारण्याची कल्पना स्वित्झर्लंडमधील माक्स उलरिक शूप यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रत्यक्षात आणली. त्यांच्या पद्धतीत धातू ज्वालेत वितळवून हवेच्या झोताने पृष्ठभागावर फेकला जाई. ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्वालेचे तापमान ३,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, पण अशा साध्या ज्वालेत कणांचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आतबाहेरच राहतो. थरात दहा टक्के किंवा त्याहून जास्त छिद्रे राहणे ही या पद्धतीची नेहमीची मर्यादा होती.

१९५० च्या दशकात दोन नव्या वाटा निघाल्या. अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीने डिटोनेशन गन विकसित केली. तिच्या नळीत वायूचे लागोपाठ छोटे स्फोट घडवून पावडर फेकली जाते. दुसरी वाट प्लाझ्मा फवारणीची. प्लाझ्माचे तापमान दहा हजार अंशांच्याही वर असल्यामुळे झिर्कोनियासारखे सहजी न वितळणारे पदार्थही फवारता येऊ लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स ब्राउनिंग यांनी ऑक्सिजन आणि इंधन उच्च दाबाखाली जाळून स्वनातीत झोत काढणारी गन आणली. आज कारखान्यांत तिला सरसकट ‘एचव्हीओएफ’ म्हणतात. तिच्यात कणांचा वेग सेकंदाला ५०० ते ८०० मीटर असतो आणि थरातली सच्छिद्रता एक-दोन टक्क्यांखाली येते.

त्याच दशकात सायबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे अनातोली पापिरिन आणि त्यांचे सहकारी स्वनातीत झोतात कण सोडून वायुगतिकीचे प्रयोग करत होते. विशिष्ट वेगाच्या पुढे धातूचे कण न वितळताच पृष्ठभागाला चिकटून बसतात, असे त्यांना दिसले. त्यातून ‘कोल्ड स्प्रे’ जन्माला आला. शूप यांच्यापासून पापिरिनपर्यंतची दिशा स्पष्ट आहे: उष्णता कमी, वेग जास्त. धातूंच्या आणि कार्बाइडच्या लेपांपुरती ही दिशा योग्य ठरली आहे. झिर्कोनियासारख्या ऑक्साइडांना मात्र थर बसण्यासाठी वितळावेच लागते, म्हणून त्यांना प्लाझ्माची उष्णता सोडता आलेली नाही.

सुरुवात पावडरीपासून

प्रक्रिया गनपाशी सुरू होत नाही. पावडर कशी बनवली यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. वितळलेला मिश्रधातू वायूच्या झोताने फोडला तर गोल कण मिळतात, पाण्याच्या झोताने फोडला तर वेडेवाकडे. गोल कण फीडरमधून एकसारखे वाहतात आणि त्यांत ऑक्सिजनही कमी असतो. वेडेवाकडे कण स्वस्त पडतात, पण प्रवाह अडखळतो. प्रवाह अडखळला की ज्वालेत एका क्षणी जास्त आणि दुसऱ्या क्षणी कमी पावडर जाते आणि थराची जाडी व घनता जागोजागी बदलते.

कणांचा आकारही तितकाच निर्णायक असतो. एचव्हीओएफसाठी साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर वापरतात. त्याहून बारीक कण ज्वालेत प्रमाणाबाहेर तापतात, करपतात किंवा नॉझलच्या आतल्या भिंतीला चिकटतात. जाड कणांचा गाभा कच्चा राहतो आणि ते पृष्ठभागावरून उसळून परत जातात. म्हणून पावडर घेताना सरासरी आकाराइतकाच आकारांचा पसरही तपासावा लागतो.

टंगस्टन कार्बाइडच्या पावडरीत आणखी एक गोष्ट येते. कार्बाइडचे बारीक दाणे आणि कोबाल्ट यांचे गोळे करून ते भट्टीत भाजतात. असा गोळा आतून किती पोकळ राहिला, त्यातले कार्बाइडचे दाणे किती बारीक आहेत, यावर तो ज्वालेत किती लवकर तापेल हे ठरते. शिवाय पावडर हवेतला ओलावा शोषते. मुंबई-ठाणे-कोकणच्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली पावडर वापरण्याआधी ओव्हनमध्ये वाळवणे हे गुणवत्तेचे अटळ काम आहे. ओलसर कण एकमेकांना धरून राहतात आणि फीडरचा प्रवाह बिघडवतात.

कार्बाइडचा धडा

प्रक्रियेचा प्रभाव सर्वांत स्वच्छ दिसतो तो टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट यांच्या लेपांत, आणि अभ्यासही याच लेपांचा सर्वाधिक झाला आहे. कोबाल्ट १,४९५ अंशांना वितळतो. टंगस्टन कार्बाइड सुमारे २,८०० अंशांपर्यंत घन राहते. आदर्श स्थिती अशी, की कोबाल्ट मऊ किंवा द्रव व्हावा, कार्बाइडचे दाणे जसेच्या तसे राहावेत आणि कोबाल्टने त्यांना घट्ट धरावे.

प्रत्यक्षात कण तापला की कार्बाइड द्रव कोबाल्टमध्ये विरघळू लागते. विरघळलेला कार्बन पृष्ठभागाशी येतो आणि ऑक्सिजनबरोबर जळून जातो. कण जॉबवर आदळल्यावर सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातल्या वेगाने थंड होतो. मग कार्बन गमावलेल्या त्या द्रवातून ज्यात कार्बनचे प्रमाण निम्मे आहे असे दुसरे टंगस्टन कार्बाइड, कधी शुद्ध टंगस्टन, आणि कोबाल्ट-टंगस्टन-कार्बन यांची काचेसारखी ठिसूळ बांधणी तयार होते. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात हे सगळे ओळखता येते.

काठिण्य मोजले तर असा लेप कधी कधी अधिक कठीण भरतो. कारण निम्म्या कार्बनचे ते कार्बाइड मूळ कार्बाइडपेक्षाही कठीण आणि ठिसूळ आहे. वाळू आदळू लागली की मात्र कोबाल्टची चिवट पकड गेलेली असल्यामुळे दाणे उखडतात आणि थरांमध्ये तडे धावतात. केवळ काठिण्याचा आकडा पाहून लेप स्वीकारणे इथेच घातक ठरते.

या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा अनुभव अतिसूक्ष्म दाण्यांच्या पावडरीने दिला. १९९० च्या दशकात नॅनो आकाराच्या कार्बाइडकडून मोठ्या आशा होत्या. दाणे जितके बारीक तितका पदार्थ कठीण आणि टिकाऊ, हा भट्टीत भाजलेल्या कार्बाइडचा अनुभव होता. १९९९ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एचव्हीओएफने फवारलेल्या नॅनो आणि नेहमीच्या अशा दोन्ही लेपांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात नॅनो लेप घर्षणाला कमी टिकला. बारीक दाण्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ते कोबाल्टमध्ये झपाट्याने विरघळतात आणि कार्बनही जास्त जळतो. पावडर श्रेष्ठ होती, पण त्या ज्वालेला ती मानवली नाही. पुढे बारीक दाण्यांचे चांगले लेपही बनले, ते ज्वाला आणि गन बदलल्यावर.

ज्वाला बदलण्याचे मार्ग तीन. पहिला ऑक्सिजन आणि इंधन यांच्या प्रमाणाचा. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त ठेवला तर कार्बन अधिक जळतो. इंधन किंचित जास्त ठेवले तर ज्वालेत ऑक्सिडीभवन कमी होते. दुसरा मार्ग इंधनाचा आणि ज्वलनकक्षाच्या दाबाचा. केरोसीनवर चालणाऱ्या गनमध्ये कक्षाचा दाब जास्त ठेवता येतो, कणांचा वेग वाढतो, ज्वालेत राहण्याचा वेळ घटतो आणि कण कमी तापतात. वायुइंधनाच्या अनेक गनमध्ये पावडर थेट ज्वलनकक्षात सोडली जाते, त्यामुळे कण अधिक तापतात. तिसरा मार्ग शुद्ध ऑक्सिजनऐवजी साधी दाबलेली हवा वापरण्याचा. या पद्धतीत ज्वालेचे तापमान २,००० अंशांच्या आसपास उतरते, वेग मात्र वाढतो आणि कार्बाइड जवळजवळ अबाधित राहते. गाळाशी झुंजणाऱ्या टर्बाइनसाठी या तिसऱ्या मार्गाकडे आपल्याकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे.

मिश्रधातू बदलला की गणितही बदलते

कार्बाइडचा नियम सगळीकडे लावता येत नाही. निकेल, क्रोमियम, बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूंचे लेप फवारल्यानंतर पुन्हा तापवून वितळवले जातात. बोरॉन आणि सिलिकॉन ऑक्साइडांना पकडून काचेसारखी मळी बनवतात, ती वर येते आणि थर पोलादाशी धातूबंधाने जोडला जातो. इथे उष्णता शत्रू नसून गरज आहे, पण तिची खिडकी अरुंद आहे. १,००० ते १,१०० अंशांच्या दरम्यान योग्य बिंदू सापडला नाही आणि तापमान कमी पडले, तर छिद्रे तशीच राहतात. जास्त झाले तर लेप ओघळतो, बोराइडचे स्फटिक जाड होतात आणि जॉब वाकतो. पंपांचे शाफ्ट आणि स्लीव्ह यांवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुशल कामगार नजरेने करत आले आहेत. थर काचेसारखा चमकू लागला की ज्वाला पुढे सरकवायची, ही त्यांची खूण आजही खरी ठरते.

गॅस टर्बाइनच्या पात्यांवर वेगळी अडचण येते. तिथे निकेल किंवा कोबाल्टच्या मिश्रधातूत क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि थोडे इट्रियम असते. वापराच्या वेळी या थरातले ॲल्युमिनियम सावकाश पृष्ठभागाशी येऊन ॲल्युमिनाचे पातळ कवच बनवते आणि खालच्या धातूला जळण्यापासून वाचवते. साध्या हवेत प्लाझ्माने फवारताना ॲल्युमिनियमचा काही भाग वाटेतच जळून जातो. जितके वाटेत जळले तितके पुढच्या संरक्षणासाठी कमी. म्हणून हे लेप आधी निर्वात कक्षात फवारले जात. पुढे एचव्हीओएफने हवेतही घट्ट थर देणे शक्य झाले. त्यातून नवा पेच निघाला. पात्यांवर या थराच्या वर झिर्कोनियाचा थर देतात; तो टिकण्यासाठी खालचा थर खडबडीत हवा, आणि एचव्हीओएफचा बारीक पावडरीचा थर गुळगुळीत येतो. तोडगा असा निघाला, की घट्ट थर एचव्हीओएफने द्यायचा आणि त्यावर जाड पावडरीचा पातळ, खडबडीत थर प्लाझ्माने.

लोखंडाच्या अस्फटिक मिश्रधातूंनी हा तोल आणखी नाजूक केला. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या निधीतून आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २००० नंतर अशा लेपांवर मोठे काम झाले. अणुकचऱ्याच्या पिंपांना गंजापासून वाचवणे हा त्यामागचा एक हेतू होता. या मिश्रधातूंत बोरॉन भरपूर असल्यामुळे ते न्यूट्रॉनही शोषतात. त्यांचा गुण त्यांच्या स्फटिकविरहित बांधणीत आहे. ज्वाला मंद ठेवली तर बांधणी टिकते, पण कण नीट पसरत नाहीत आणि छिद्रांतून गंजाला वाट मिळते. ज्वाला तीव्र केली तर छिद्रे भरतात, पण काही भाग स्फटिकरूप होतो, कणांच्या सीमांवर ऑक्साइड जमतात आणि त्यांच्या शेजारी क्रोमियम कमी पडून तिथूनच गंज सुरू होतो. सर्वोत्तम लेप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी मिळतो, आणि तो बिंदू प्रत्येक गनसाठी वेगळा असतो.

जॉबवर काय घडते

तापलेला कण पृष्ठभागावर आपटतो तेव्हा भिंतीवर गोवरी थापताना घडते तसेच काहीसे घडते: शेण फार पातळ असेल तर ओघळते, फार कोरडे असेल तर गळून पडते आणि गुळगुळीत भिंत त्याला धरत नाही. म्हणूनच फवारणीआधी ॲल्युमिनाच्या खड्यांनी पृष्ठभाग खडबडीत करतात. ग्रिट ब्लास्टिंगनंतर वेळ न घालवता फवारणी सुरू करायची असते, कारण ताजे उघडे पोलाद दमट हवेत लगेच गंजू लागते. बोथट झालेले खडे पुन्हा पुन्हा वापरले तर पृष्ठभाग दिसायला खडबडीत असतो, पण कणांना पकड देणारी धार त्यात नसते.

जॉबचे तापमानही कणाचा आकार ठरवते. जपानमधील तोयोहाशी विद्यापीठात मासाहिरो फुकुमोतो यांनी दाखवले, की थंड पृष्ठभागावर वितळलेला कण शिंतोड्यांसारखा उडतो आणि ठरावीक तापमानाच्या वर तोच कण नीटस, गोल चकतीसारखा बसतो. चकती नीट बसली तर तिच्याखाली पोकळी कमी राहते आणि पकडही वाढते. दुसरीकडे जॉब फार तापला तर थंड होताना ताण वाढतो. कार्बाइडच्या कामात हवेच्या झोताने जॉब साधारण १५० अंशांखाली ठेवतात, ते यासाठी.

थरातल्या ताणाचे तीन उगम आहेत. प्रत्येक चकती थंड होताना आक्रसते आणि ओढ निर्माण करते. लेप आणि जॉब यांचे प्रसरण वेगळे असल्यामुळे दुसरा ताण येतो. वेगाने आपटणारे कण आधीच्या थराला ठोकून घट्ट करतात आणि त्यात दाब निर्माण करतात, हा तिसरा. प्लाझ्माच्या लेपांत ओढ वरचढ राहण्याकडे कल असतो, म्हणून जाडी वाढली की थर कडेपासून सुटू लागतो. एचव्हीओएफच्या कार्बाइड लेपांत ठोकण्याचा परिणाम दाब निर्माण करू शकतो आणि असा लेप भेगांना अधिक काळ रोखतो. विमानांच्या लँडिंग गिअरवर हार्ड क्रोमच्या जागी हे लेप स्वीकारले गेले, त्यात थकव्याला तोंड देण्याचा हा गुण महत्त्वाचा ठरला. क्रोम प्लेटिंगमधले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपात क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या परवानगीविना वापरावर २१ सप्टेंबर २०१७ पासून बंदी आली, त्यामुळे या बदलाला आणखी जोर मिळाला.

अंतर आणि कोन या दिसायला साध्या गोष्टी आहेत, पण मोठ्या जॉबवर त्याच निर्णय करतात. एचव्हीओएफची गन साधारण २०० ते ३८० मिलिमीटरवर ठेवतात आणि झोत शक्य तितका काटकोनात. कोन ४५ अंशांच्या खाली गेला की कण घसरतात, सावलीत छिद्रे राहतात आणि पावडर वाया जाते. सपाट नमुन्यावर हे सहज पाळता येते. फ्रान्सिस टर्बाइनच्या चाकात दोन पात्यांमधली जागा वळणदार आणि अरुंद असते. तिथे नेहमीची गन ना योग्य अंतर ठेवू शकते, ना काटकोन. प्रयोगशाळेतल्या नमुन्याचा आकडा आणि नदीवरच्या चाकाचे आयुष्य यांत तफावत पडते तिचे एक मोठे कारण हेच आहे.

वितळवल्याविना आणि पूर्ण वितळवून

कोल्ड स्प्रेमध्ये वायू ५० ते ६० बार दाबापर्यंत नेऊन आणि काही शे ते हजार अंशांपर्यंत तापवून आकुंचन-प्रसरण नॉझलमधून सोडतात. कण घनच राहतो. प्रत्येक धातूला एक किमान वेग लागतो. त्याखाली कण पृष्ठभाग खरवडून निघून जातो, त्यावर गेला की संपर्काच्या जागी धातू क्षणात मऊ होऊन जोडला जातो. हाम्बुर्गच्या लष्करी विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये तांब्यासाठी हा वेग सेकंदाला सुमारे ५७० मीटर असल्याचे मांडले. कणाच्या पृष्ठभागावरचे ऑक्साइड जाड असेल तर हा वेग वाढतो. म्हणून इथे पावडरीचा ताजेपणा, साठवण आणि ऑक्सिजनचे प्रमाण हेही प्रक्रियेचेच घटक मानायला हवेत. हेलियम वापरला तर वेग सहज मिळतो, पण तो महाग आहे; नायट्रोजनला जास्त दाब आणि जास्त तापमान लागते. तांबे, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या महागड्या सुट्या भागांची दुरुस्ती यासाठी ही पद्धत उत्तम आहे. थर मात्र ठिसूळसर राहतो आणि चिवटपणा हवा असेल तर नंतर तापवावे लागते.

लेझर क्लॅडिंग नेमके उलट्या टोकाला आहे. लेझर जॉबचा पृष्ठभाग वितळवतो, पावडर त्या द्रवात पडते आणि थर धातूबंधाने जोडला जातो. सुटण्याची भीती जवळजवळ संपते, पण जॉबचा धातू लेपात मिसळतो. हे मिसळण दहा टक्क्यांच्या वर गेले तर गंजरोधक मिश्रधातूचे गुण पहिल्याच थरात पातळ होतात. शक्ती, सरकण्याचा वेग आणि पावडरीचा प्रवाह हे तिन्ही एकत्र जुळवावे लागतात. जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेने यात पावडर द्रवाच्या वरच, लेझरच्या झोतात वितळवण्याची रीत काढली. तिला २०१७ चा फ्राउनहोफर पुरस्कार मिळाला. जुन्या पद्धतीत मिनिटाला एक-दोन मीटर सरकणारे काम त्यामुळे शेकडो मीटरपर्यंत गेले, थर पातळ झाले आणि मिसळणही घटले. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली आहे. ब्रेक डिस्कवर असे लेप देण्याचे काम त्यामुळे वेगाने पुढे सरकत आहे.

मोजमापाचा प्रश्न

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून या विषयावर शोधनिबंधांची कमतरता नाही. त्यांतल्या अनेकांचा साचा एकच असतो: जपानी अभियंते गेनिची तागुची यांच्या पद्धतीने नऊ किंवा सत्तावीस प्रयोग, वायूप्रवाह, अंतर आणि पावडरीचा दर बदलून पाहणे आणि शेवटी ‘सर्वोत्तम’ आकड्यांची एक ओळ. ही मेहनत प्रामाणिक असते. अडचण अशी, की ती ओळ त्या एका गनपुरती आणि त्या एका नॉझलपुरतीच खरी असते. प्लाझ्मा गनचे इलेक्ट्रोड काही तासांत झिजतात, व्होल्टेज घसरते आणि तोच आकडा लावूनही कण थंड राहतात.

अमेरिकेतील स्टोनी ब्रुक विद्यापीठात संजय संपत आणि त्यांच्या गटाने मांडलेला प्रक्रिया-नकाशाचा विचार म्हणूनच जास्त उपयोगी आहे. गनवरच्या बटणांऐवजी कणाचे तापमान आणि वेग मोजा, आणि लेपाचे गुण त्या दोन अक्षांवर मांडा, असे हा विचार सांगतो. उडत्या कणांच्या प्रकाशावरून हे दोन्ही मोजणारी उपकरणे बाजारात उपलब्ध आहेत. असा नकाशा एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात नेता येतो, बटणांची ओळ नेता येत नाही.

चाचण्यांकडेही डोळसपणे पाहायला हवे. पकड मोजण्याच्या प्रमाणित चाचणीत लेपाला गोंदाने दांडा चिकटवून ओढतात. गोंद ७०-८० मेगापास्कलच्या आसपास सुटतो. चांगल्या कार्बाइड लेपाची पकड त्याहून मजबूत असते, त्यामुळे अहवालातला आकडा लेपाचा नसून गोंदाचा असतो. छिद्रांचे मोजमाप पॉलिशिंगवर अवलंबून असते. घाईने पॉलिश केले तर दाणे उखडून खोटी छिद्रे दिसतात. आणि कोरड्या वाळूवर रबरी चाक फिरवून केलेली झीज-चाचणी सतलजच्या पाण्यातल्या झिजेचे पूर्ण उत्तर देत नाही.

आपण काय करावे

भारताला हा विषय परका नाही. हैदराबादच्या बाळापूर येथील ‘एआरसीआय’ ही केंद्र सरकारची संस्था डिटोनेशन फवारणी आणि कोल्ड स्प्रे यांवर दीर्घकाळ काम करत आली आहे आणि तिने तंत्र उद्योजकांपर्यंत पोहोचवले आहे. गरजही मोठी आहे. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते आणि त्या राखेतला क्वार्ट्झ बॉयलरच्या नळ्या खरवडतो. चंद्रपूर आणि कोराडीच्या वीज केंद्रांसाठी हा प्रश्न हिमालयातल्या टर्बाइनइतकाच खरा आहे.

या आढाव्यातून तीन गोष्टी ठामपणे सांगता येतात. एकच सर्वोत्तम प्रक्रिया असे काही नाही. कार्बाइडला वेग हवा, निकेल-बोरॉनला नेमकी उष्णता, अस्फटिक लोखंडाला दोन्हींचा तोल. कठीण लेप म्हणजे टिकाऊ लेप हे समीकरण चुकीचे आहे. आणि कणाचे तापमान व वेग मोजल्याविना प्रक्रिया हातात आली असे म्हणता येत नाही.

म्हणून वीज केंद्रे, साखर कारखाने आणि वाहन उद्योगांतील खरेदी अधिकाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे. लेपाच्या निविदेत पावडरीचे नाव, जाडी आणि काठिण्य एवढ्यावर थांबू नका. गन कोणती, इंधन आणि ऑक्सिजनचे प्रमाण काय, अंतर व कोन किती, जॉबचे तापमान किती ठेवले, कणांचा वेग मोजला का आणि खऱ्या जॉबच्या वळणावर घेतलेला नमुना कुठे आहे, हे लेखी मागा. ही नोंद जो ठेकेदार देऊ शकतो, त्यालाच काम द्या.